मामेभाऊही खरा, मैत्रिणीची बहीणही खरी

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तू दारव्हा तालुक्यातली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू आहे आणि पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. घरी सहा एकर कोरडवाहू. मामेभाऊ सांगतो, "त्या विद्यापीठात काही दम नाही, दोन वर्षं वाया गेली." वर्गमैत्रिणीची मोठी बहीण सांगते, "मी जी काही आहे ती तिथल्यामुळे." दोघंही एकाच विद्यापीठाचे, एकाच वर्षी पास झालेले. मग खरं कोणाचं मानायचं?

तुला 'तू'च म्हणतो, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. सव्वीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्याआधी खेड्यातून जाऊन विद्यापीठाच्या विभागात शिकलो आणि मधली बरीच वर्षं परीक्षा केंद्र सांभाळलं. विद्यापीठाचं नाव तू लिहिलंयस, मी ते इथं घेत नाही. विदर्भातलं कुठलंही घे, मला जे सांगायचंय ते तेच राहील.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तूच लिहून गेलीस, पण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. मामेभाऊ "सकाळी सातच्या गाडीने निघायचा आणि पाचच्या गाडीसाठी तीनलाच वर्गातून उठायचा." बहीण "होस्टेलच्या मेसला कंटाळली होती." म्हणजे तो संलग्न, म्हणजे विद्यापीठाला जोडलेल्या पण आवाराबाहेरच्या कॉलेजात शिकला, अप-डाऊन करून, आणि ती विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात. गुणपत्रिकेवर शिक्का एकच, पण त्या दोन वर्षांत दोघांनी एकमेकांची जागा बहुधा पाहिलीही नसेल.

आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की एक मोठी कमान आणि आत इमारती असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात बहुतेक विद्यार्थी त्या कमानीखालून कधी जातच नाहीत. नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं तेव्हा सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी होते, आणि कार्यक्षेत्र होतं मध्य प्रांत-वऱ्हाडाचं. पुढे कॉलेजं वाढत गेली, अंतरं पेलेनाशी झाली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ आलं. तरी अमरावतीकडे आजही पाच जिल्हे आहेत: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. नकाशा काढून बघ. एका टोकाला मेळघाटातलं धारणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड, तिसऱ्याला देऊळगाव राजा. उमरखेडच्या पोराला नांदेड जवळ, देऊळगाव राजाच्या पोराला जालना जवळ, आणि दोघांचं विद्यापीठ अमरावती. तिथं एक कागद आणायला गेलं की अख्खा दिवस जातो. शहरातला मुलगा दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तेच काम उरकून कँटीनला पोचलेला असतो.

म्हणून कोणी विद्यापीठाबद्दल बरं-वाईट सांगायला लागलं की मी त्याला एकच विचारतो: तुझा मंगळवार कसा जायचा ते सांग. सोमवार नको, त्या दिवशी निम्मे लोक गावाहून परतत असतात. शनिवारही नको. साधा मंगळवार. उठलास किती वाजता, पहिला तास झाला का, घेतला कोणी, प्रॅक्टिकल किती वाजता संपलं, संध्याकाळी कुठं होतास. पाच मिनिटांत कळतं, हा माणूस विद्यापीठाबद्दल बोलतोय की एसटीबद्दल.

मामेभावाचा मंगळवार मी न विचारताही सांगू शकतो, कारण अशी शेकडो पोरं माझ्यासमोर बसली आहेत. पहाटे साडेपाचला उठणं, गावापासून फाट्यापर्यंत पायी नाहीतर कुणाच्या गाडीवर, गाडी भरून आली तर न थांबता पुढे जाणार. पहिला तास निम्मा बुडालेला. दुपारी प्रॅक्टिकल सुरू झालं की याचं लक्ष घड्याळाकडे. सेंद्रिय रसायनात एखादं संयुग तयार करायला घेतलं तर रिफ्लक्सलाच, म्हणजे वाफ थंड करून परत खाली सोडत मिश्रण उकळत ठेवायलाच, दीड-दोन तास जातात. मग गाळायचं, सुकवायचं, वितळबिंदू काढायचा. तीनला उठणाऱ्याने हे शेवटपर्यंत कधी केलेलंच नसतं. तो बाजूच्याचं निरीक्षण जर्नलमध्ये उतरवतो, सही घेतो आणि निघतो. दोन वर्षं असं केल्यावर तो "काही दम नाही" म्हणाला, तर खोटं काय बोलला?

त्यात आमच्या बाजूची चूकही मोठी आहे, ती झाकत नाही. मी लागलो तेव्हा आमच्या विभागात पाच कायम प्राध्यापक होते. निवृत्त झालो तेव्हा दोन उरले होते आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर. तासिकेवरचा मुलगा शिकवायला कमी नसतो, कित्येकदा आमच्याहून ताजा असतो. पण त्याला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा. चारनंतर प्रयोगशाळा उघडी ठेवून तो तुझ्यासाठी थांबेल ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मग कमानीच्या आत सगळं छान का? तसंही नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन विद्यार्थिनी एकाच विभागात, एकाच वर्षी एम.एस्सी.ला गेल्या. गुण जवळपास सारखे, दोघी शेतकऱ्यांच्या घरच्या. एक दिवाळीच्या आधीच परत आली. मी चिडलो, मग घरी बोलावून विचारलं. बराच वेळ रडली आणि म्हणाली, "सर, हजेरीत माझं नावच चुकीचं होतं. पहिल्या दिवशी मी येस सर म्हणून गेली. मंग रोज तेच नाव. सांगाची हिंमतच नाही झाली." महिना-दीड महिना ही पोरगी दुसऱ्याच नावाने हजर राहत होती! वसतिगृहाच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नव्हतं, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहायची, दोन ऑटो बदलून यायची. शिकवणं सगळं इंग्रजीत, स्लाइडवर. बी.एस्सी.चं पुस्तकही इंग्रजीतच होतं, पण आम्ही समजावायचो मराठीत, हे तिच्या तिथं गेल्यावर लक्षात आलं. आणि माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

दुसरी टिकली. ती काही जास्त हुशार नव्हती. तिला वसतिगृह पहिल्याच यादीत मिळालं आणि खोलीत पुसदकडची एक सिनियर होती. कुठला फॉर्म कधी, कुठल्या सरांना दुपारी जेवणानंतर भेटायचं नाही, ग्रंथालयातलं कुठलं पुस्तक आधीच दाबून ठेवायचं, हे सगळं तिला रात्री खाटेवर बसून कळत होतं. माझं आता पक्कं मत झालंय की गुणवत्ता यादीपेक्षा वसतिगृहाची यादी जास्त ठरवते.

माझंही तसंच झालं होतं. १९८९ मध्ये मी शहरात गेलो, आम्ही तिघांनी मिळून एक रूम केली. मेस लावायला पैसे नव्हते, म्हणून गावाहून एसटीने डबा यायचा. अॅल्युमिनियमचा डबा, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला आणि झाकणावर ऑइल पेंटने आडनाव. सकाळची गाडी साडेदहाच्या सुमारास स्टँडवर लागायची. ड्रायव्हरच्या सीटमागे असे आठ-दहा डबे एकमेकांवर आपटत आलेले असायचे. उन्हाळ्यात वरण आंबून यायचं. गाडी रस्त्यात फेल झाली की त्या दिवशी चिवडा. पण त्या डब्यांची वाट बघत रोज अर्धा तास आम्ही सात-आठ जण स्टँडवर उभे असायचो, वेगवेगळ्या विभागांतले, वेगवेगळ्या वर्षांतले. एक दिवस भूगर्भशास्त्राच्या एका सिनियरने विचारलं, "काय रे, फॉर्म भरला का?" मी म्हटलं, "कायचा फॉर्म?" सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-संशोधन परिषदेची, फेलोशिप नावाची काही गोष्ट असते, हे मला तिथं कळलं. त्याची नोटीस आमच्याच विभागाच्या फळ्यावर दोन आठवडे लागलेली होती. मी रोज तिच्या बाजूने जात होतो. इंग्रजीतली नोटीस आपल्यासाठी असेल असं कधी वाटलंच नाही.

आता मोबाइलवर सगळं येतं म्हणतात. येतं, पण ग्रुपमध्ये आपण असलो तर. आणि ग्रुपमध्ये घेणारा माणूस लागतोच.

एक गोष्ट शहरात शिकलेल्या सल्लागारांच्या ध्यानातही येत नाही, ती म्हणजे कापूस. हिवाळी परीक्षा आणि वेचणी एकाच वेळी येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात केंद्रावर फिरताना मी मुलींची बोटं बघायचो. सुकलेल्या बोंडाची टोकं बारीक आणि कडक असतात, कापूस ओढताना नखांच्या कडेला चिरा पडतात. एका मुलीने उत्तरपत्रिकेवर लाल डाग पडला म्हणून घाबरून हात वर केला होता. तिला वाटलं, खूण केली म्हणून पेपर रद्द होईल. पर्यवेक्षकाकडून नोंद करून घेतली, काही झालं नाही. पण त्याच वेळी तोच पेपर देणारी कुणी आवारातल्या वसतिगृहातून आदल्या रात्री अकरापर्यंत वाचून आलेली असते. मजूर मिळत नाहीत, भाव पडलेले, घरच्यांनी तरी काय करावं? तुझ्या घरी काय चालतं ते तू लिहिलं नाहीस, पण सहा एकर कोरडवाहू म्हणालीस तेव्हाच मला कळलं. बाहेर जाणार असशील तर यंदा वेचणीला आपण नसू, हे घरी आत्ताच सांगून ठेव. ऐन पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेत फोन येण्यापेक्षा बरं.

विद्यापीठाच्या कार्यालयातल्या खिडक्यांचं दुखणं सगळीकडे आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा निकाल विथहेल्ड, म्हणजे रोखून ठेवलेला, लागला, कारण अंतर्गत गुण वेळेत चढले नव्हते. चूक कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला संबंधित बाबू रजेवर, दुसरीला कॉलेजचं पत्र हवं होतं, तिसरीला काम दहा मिनिटांत झालं. तोवर एका नोकरीच्या अर्जाची तारीख गेली होती. त्याला विद्यापीठाबद्दल विचारशील तर तो वर्गाबद्दल, शिक्षकांबद्दल काही बोलणारच नाही, त्या खिडकीबद्दलच बोलेल. असे अनुभव ऐकताना एवढं भान ठेव. तू मात्र दर सेमिस्टरला अंतर्गत गुण चढले का ते परीक्षेआधी विभागात जाऊन विचार, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घे. कंटाळवाणं काम आहे, करच.

आता उलट बाजू. माझ्या सव्वीस वर्षांतला सगळ्यात चांगला प्रकल्प कुठं झाला विचारशील तर आमच्याच गळक्या प्रयोगशाळेत. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे तुला माहीत असेल. तिकडे दात पिवळे-तपकिरी पडलेली माणसं दिसतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तिकडचाच एक मुलगा आमच्याकडे होता. त्याने मामा, आत्या, मेहुणे अशा नातेवाइकांच्या बोअरचं आणि विहिरींचं पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत गोळा केलं, चुलतभावाच्या मोटारसायकलवर. स्पॅड्न्स नावाचं एक लाल अभिकर्मक असतं, पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका त्याचा रंग फिका पडतो. एका संध्याकाळी त्याने नळ्या ओळीने लावल्या. शेवटची, त्याच्या स्वतःच्या घरची, सगळ्यात फिकी निघाली. पोरगं तिथंच खाली बसलं. पुढे त्याने ते काम इतक्या जिद्दीने केलं की बाहेरून आलेले परीक्षक अर्धा तास त्याच्याशीच बोलत राहिले. विभागातल्या मुलांकडे यंत्रं चांगली असतील, पण कुठल्या वाडीत कुठला बोअर किती जुना, हे त्यांना कोण सांगणार?

हे तुझ्याशी थेट जुळतं, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प. त्यांचे श्रेयांक मिळतात, म्हणजे ते टाळता येत नाहीत. शहरात हे प्रशिक्षण औषधाच्या किंवा रसायनाच्या कारखान्यात मिळू शकतं. तालुक्याला माती परीक्षण, पाणी तपासणी, फार तर तेलघाणी. कॉलेज हे कुठं करवून घेतं ते विचार. नुसतं प्रमाणपत्र आणून द्या म्हणणारी ठिकाणंही आहेत.

पैशाचं पटकन सांगतो. "मुलींना शिक्षण मोफत" हे तू ऐकलं असशील; २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, त्याच्या भरवशावर एम.एस्सी.चा हिशेब मांडू नको. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसींना आधार अशा योजना आहेत. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. कुठली कुणाला लागू आणि अटी काय, ते समाजकल्याण नाहीतर त्या-त्या विभागाच्या कार्यालयात प्रवेशाआधी विचार. उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याला जोडलेलं आधार, यांच्यावाचून सगळं अडतं. आणि पैसे उशिरा येतात. पहिले सहा महिने आपल्या खिशातून जातील असं धर.

माझा सल्ला विचारशील तर असा: विभागात प्रवेश आणि पहिल्याच यादीत वसतिगृह, दोन्ही मिळालं तर डोळे मिटून जा. वसतिगृह नसेल, पण दोघी-तिघी मिळून विभागाजवळ रूम करत असाल, तरी जा. दूरच्या नातेवाइकांकडे राहून जाणार असशील तर मी हो म्हणणार नाही, त्यापेक्षा यवतमाळला रूम करून तिथल्या कॉलेजात कर. गावाहून दारव्हा, दारव्ह्याहून यवतमाळ असं रोजचं अप-डाऊन मात्र एम.एस्सी.ला करू नको. विद्यार्थी पासला भाड्याचा तिसरा हिस्साच पडतो, स्वस्त वाटतं, घरचेही खूश असतात. पण बी.एस्सी.ला जे कसंबसं निभतं ते इथं निभत नाही, प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतं. मामेभावाचं नेमकं तिथंच बिनसलं.

अर्ज भरायच्या आधी एका मंगळवारी दोन्ही ठिकाणी जाऊन ये. सकाळी नको, सकाळी सगळं नीटनेटकं असतं. दुपारी तीनला जा. प्रयोगशाळेत कोणी काम करतंय की कुलूप आहे ते बघ. विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा चालू करून दाखवा म्हण. हसतील, हसू दे. गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलीचं जर्नल मागून चाळ आणि प्रत्येक प्रयोगाला आकडे सारखेच आहेत का बघ. कायम शिक्षक किती, ते शिपायाला विचार, तो खरं सांगतो. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते दारावर लिहिलेलं असतं, पण आत बसलेल्या मुलींना विचारलेलं बरं. त्यांच्यात तुझ्या तालुक्यातली कोणी सापडली तर तिचा नंबर घे.

बाबांना सोबत ने. मामेभावालाही ने, त्यानेही ती जागा आतून पाहिलेली नाही. आणि उतरल्या-उतरल्या चौकशी खिडकीवर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचारून ठेव, तिथं पाच कधी वाजतात कळत नाही.